नेहमीचे तीन लाल

रुचिता सावर्डेकरला ऑफिसात कोणी काहीही विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं असे, "ये, दाखवते." मग ती खुर्ची सरकवणार, समोरच्याच्या संगणकावर चार बटणं दाबणार आणि काम फत्ते. विचारणारा खूश, रुचिता त्याहून खूश. आपल्यावाचून कोणाचं तरी अडतं याचं सुख काही औरच असतं, आणि ते रुचिता गेली अकरा वर्षं मनमुराद उपभोगत होती.

ऑफिस घोडबंदर रोडवरच्या एका उंच इमारतीत सातव्या मजल्यावर. कंपनी छोटी, पण तिचं 'आली बस' हे ॲप ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या निम्म्या आयांच्या मोबाइलमध्ये होतं. शाळेची बस थांब्याजवळ आली की आईच्या फोनवर घंटी वाजते, एवढंच त्याचं काम. पण ती घंटी वेळेवर वाजते की नाही, हे रोज तपासावं लागतं. त्यासाठी रुचिताने आनंदा नावाच्या सहकाऱ्याबरोबर एक साधन बनवलं होतं. नाव ठेवलं 'चाळणी'. चाळणी संगणकातल्या संगणकात खोट्या बस सोडायची, प्रत्येक थांब्यावरून फिरवायची आणि संदेश गेला की हिरवा दिवा, नाही गेला की लाल दिवा दाखवायची. असे चारशे बारा दिवे होते. आनंदा चार वर्षांपूर्वी नोकरी सोडून गावी खडवलीला गेला, तिथे त्याने रोपवाटिका काढली, आणि चाळणी सगळी रुचिताच्या हाती आली.

हाती म्हणजे अगदी शब्दशः. कारण चाळणी कशी चालवायची याचं लेखी कागदपत्र म्हणजे एक पान. त्यात पाच पायऱ्या. पाचवी पायरी अशी होती: "रुचिता."

एका सोमवारी ऑफिसात एजंट आला. (रुचिताच्या वडिलांनी आदल्या आठवड्यात विचारलं होतं, "एजंट म्हणजे विम्याचा का गं?") हा एजंट म्हणजे संगणकातच राहणारा, लिहिलेलं वाचून त्याप्रमाणे स्वतः काम करणारा प्रोग्राम. त्याला बसवण्याचं काम सम्यककडे होतं. सम्यक कल्याणचा, सव्वीस वर्षांचा, हुशार आणि सदा भुकेला. त्याने एजंटला ते एक पान वाचायला दिलं आणि सांगितलं, चाळणी चालव. दोन मिनिटांत उत्तर आलं. सम्यकने ते वाचलं आणि टेबलावर डोकं ठेवून हसायला लागला.

"पाचव्या पायरीनुसार 'रुचिता' सुरू करण्याचा प्रयत्न केला. या संगणकावर 'रुचिता' उपलब्ध नाही. कृपया पर्यायी रुचिता सुचवावी."

सातवा मजला दणाणून गेला. चहावाल्यापासून हिशेबनीसापर्यंत सगळे येऊन वाचून गेले. रुचिताही हसली, म्हणजे दात दाखवले. आत मात्र तिला 'पर्यायी' हा शब्द कुसळासारखा टोचला.

तो उगाच टोचला नव्हता. दुपारी मॅनेजर मृणालने तिला केबिनमध्ये बोलावलं. मृणाल वाईट बाई नव्हे, पण वाईट बातमी सांगताना ती समोरच्याला आधी बिस्किटं देते, आणि आज पूर्ण पुडा होता.

"रुचिता, सरळ सांगते. एक तारखेपासून टेस्टिंग एजंटच करणार. शुक्रवारी आपले मालक अनिमेष सर येतायत. त्यांच्यासमोर त्याने चाळणी चालवून दाखवायची, फक्त लिहिलेलं वाचून. कोणी बोलायचं नाही, कोणी हात लावायचा नाही. जमलं तर चाळणी राहील, तूही राहशील. नाही जमलं तर बाहेरून तयार टूल आणायचं ठरलंय."

"आणि मी?"

"तुला सपोर्टला घेतील. पालकांचे फोन."

रुचिताने बिस्कीट खाली ठेवलं. फोन घेणं हलकं काम आहे असं तिला वाटत नव्हतं. उर्वी ते करते आणि तिच्याइतकी सोशिक मुलगी ठाणे जिल्ह्यात नसेल. पण रुचिताला चुका शोधायला आवडत. दुसऱ्याच्या नजरेतून सुटलेली चूक सापडली की तिला अंगणात मोगरा फुलल्यासारखं वाटे. ते काम तिचं होतं आणि ते शुक्रवारी जाऊ शकत होतं.

मंगळवारी ती ईर्ष्येला पेटून लिहायला बसली. मराठीतच बसली, कारण सम्यक म्हणाला होता, "त्याला मराठी चालतं, ताई. मला तुमचं इंग्लिश चालत नाही." संध्याकाळपर्यंत बेचाळीस पानं झाली. चाळणीचा जन्म, आनंदाचं योगदान, पहिल्या वर्षीच्या अडचणी, काही ठिकाणी तर बाई भावुक झाल्या होत्या. "मग नेहमीप्रमाणे साफ करून घ्यावे," असं तिने सोळाव्या पानावर लिहिलं. एजंटने ते वाचलं, नेहमीप्रमाणे म्हणजे काय ते त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून त्याने सगळंच साफ केलं. खोट्या बस, त्यांचे चारशे बारा थांबे, खोटे चालक, एकूण एक गायब.

"अरे देवा! एवढं कोणी सांगितलेलं?"

"तुम्हीच," सम्यक वडापाव खाता खाता म्हणाला. त्याच्याकडे सगळ्याची प्रत होती म्हणून तो एवढा शांत होता. "ताई, तुमचं 'नेहमीप्रमाणे' आम्हाला कळतं कारण आम्ही रोज तुमच्यासोबत चहा पितो. त्याने तुमच्यासोबत एक कटिंग पण नाही प्यायलेला."

रुचिताला त्याचा राग आला. खरं बोलणाऱ्याचा येतोच.

बुधवारी सकाळी बाळकुमच्या घरी नळाला पाणी नव्हतं. रुचिता वडिलांजवळ राहायची. वडील मारुती सावर्डेकर, निवृत्त फिटर, सोसायटीच्या पंपाचे स्वयंघोषित डॉक्टर. पण ते आठवडाभरासाठी कल्याणला बहिणीकडे गेले होते, आणि जुना वॉचमन परवाच सोडून गेला होता. बी-विंगमधली निम्मी माणसं साबण लावून उभी होती आणि बाथरूमांतून आरोळ्या येत होत्या. रुचिता केस तसेच बांधून तरातरा खाली पंपरूमकडे गेली. नवा वॉचमन रामा, पन्नाशीचा माणूस, कामावर दुसरा दिवस, तो भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"रामाभाऊ, थांबा! हात लावू नका, मी दाखवते."

"नको ताई," रामा मागे न बघता म्हणाला. "हितं लिवलंय."

भिंतीवर मारुतीरावांनी ऑइलपेंटने रंगवलेला पत्रा होता. रुचिता तो पत्रा दहा वर्षं बघत होती, म्हणजे कधीच वाचला नव्हता. आज रामा एकेका ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचत होता, म्हणून तिला ऐकावं लागलं.

"लाल चावी पूर्ण उघडा. मग पाइपाला हात लावा. पाइप थंड लागला पाहिजे. नाही लागला तर मोटर चालू करू नका." रामाने चावी उघडली, पाइपाला हात लावला, मान डोलावली. "मोटर चालू करा. वीस मोजा. काटा दोनच्या पुढे गेला पाहिजे. नाही गेला तर बंद करा. पुन्हा चालू करून बघू नका." त्याने मोटर चालू केली आणि शाळेतल्या पोरासारखं एक, दोन, तीन मोजलं. सतराला काटा हलला. वर पाणी चढल्याचा घरघराट झाला आणि बी-विंगमधून आनंदाची एक सामूहिक आरोळी आली. पत्र्याच्या अगदी खाली लिहिलं होतं: "काळा डबा उघडू नका. कुतूहल असल्यास मारुती सावर्डेकर, बी-१०४. दाखवतील."

रुचिताने तिथल्या तिथे वडिलांना फोन लावला.

"बाबा, तो पत्रा तुम्ही कसा लिहिलात?"

"पाणी आलं का?"

"आलं हो! पत्रा कसा लिहिलात?"

"आधी लिहिला तो दिव्य होता. दोन पत्रे भरले होते, माझं सगळं आयुष्य त्यात," मारुतीराव म्हणाले. "मग तुझ्या आईने सांगितलं, एक नवखा माणूस त्याच्यासमोर उभा करा आणि तुम्ही तोंडावर हात ठेवून बसा. बसलो. तो जिथे अडला तिथे ओळ घातली, न वाचता पुढे गेला तिथली ओळ खोडली. प्रत्येक कामानंतर काय दिसलं पाहिजे ते घातलं. अगं, मी असताना पत्रा कशाला हवा? मी नसताना चाललं पाहिजे म्हणून तर तो."

रुचिता पंपरूमच्या पायरीवर बसली. आपल्यावाचून अडतं याचा आपण अकरा वर्षं अभिमान बाळगला आणि बापाने आपल्यावाचून अडू नये म्हणून पत्रा रंगवला, हे तिला फार लागलं. पण लागून रडत बसणारी ती बाई नव्हे. ती तशीच, केस बांधलेली, ऑफिसला गेली.

दिवसभर तिने बेचाळीस पानांची नऊ केली. काय करा. केल्यावर काय दिसेल. नाही दिसलं तर काय करू नका. 'नेहमीप्रमाणे', 'साधारण', 'तसंच' हे शब्द तिने हुडकून हुडकून मारले. प्रत्येक पान एजंटला द्यायचं आणि आपण तोंडावर हात ठेवून बसायचं. हे शेवटचं सर्वांत कठीण गेलं. सम्यकने तिचा फोटो काढून ठेवला, कारण रुचिता सलग सहा मिनिटं गप्प बसल्याचा दुसरा पुरावा कंपनीत नव्हता.

गुरुवारी सकाळी ती शेवटच्या पानावर आली. "चारशे बारापैकी चारशे नऊ दिवे हिरवे दिसतील," तिने लिहिलं. "तीन लाल दिसतील. त्यांच्याकडे दुर्लक्ष करा, कारण" आणि तिचा हात थांबला.

कारण काय?

हे तीन लाल दिवे चार वर्षं रोज लागत होते. ऑफिसात त्यांना 'नेहमीचे तीन लाल' म्हणत. नवा माणूस आला आणि घाबरून ओरडला की सगळे म्हणत, "अरे, ते नेहमीचे आहेत, सोड," आणि त्या दिवसापासून तो नवा माणूस जुना होई. तिने सम्यकला विचारलं. "नेहमीचे ना ते?" तिने मृणालला विचारलं. मृणाल म्हणाली, "ते असेच असतात." स्वतःला विचारलं तर तिथेही तेच उत्तर. दुसऱ्याच्या चुका शोधणाऱ्या बाईच्या नाकासमोर चार वर्षं तीन दिवे लाल होते आणि तिला कारण लिहिता येत नव्हतं.

तिने खडवलीला आनंदाला फोन लावला. तो कुठल्यातरी आंब्याला कलम बांधत होता.

"अगं, ते अजून लाल आहेत?" आनंदा ओरडला. "मी जाताना सांगितलेलं की! इकडच्या तीन थांब्यांचे आहेत ते, फाटकापलीकडचे. रेल्वेचं फाटक पडलं की बसवाला इंजिन बंद करतो, डिझेल वाचवायला. इंजिन बंद आणि आठ मिनिटं झाली की आपलं ॲप समजतं फेरी संपली. मग पुढच्या थांब्यांना घंटीच नाही. तुमच्या घोडबंदरला बस तासभर अडकते पण इंजिन चालू असतं ना, म्हणून तिथे कळत नाही."

"मग पालक काय करतात?"

"काय करणार? पोरांना घेऊन रस्त्यावर उभे राहतात. फोन केला तर तुमच्याकडून सांगतात, तुमच्याकडे नेटवर्क नाही."

रुचिताने मृणालला सगळं सांगितलं. मृणालने तिच्यापुढे बिस्किटं ठेवली, म्हणजे काय येणार ते कळलंच.

"आज दुरुस्त करायला घेतलं तर उद्याला काही भलतंच बिघडेल. उद्या सरांसमोर सगळं हिरवं दिसायला हवं गं. तीनच तर आहेत. उद्यापुरते काढून टाक. तुझ्याच भल्यासाठी सांगते."

भलं कशात आहे हे रुचितालाही कळत होतं. एक ओळ: 'दुर्लक्ष करा.' तेवढ्यावर नोकरी शाबूत. तिला मोह झाला, चांगला अर्धा तास झाला, ते लपवण्यात अर्थ नाही. मग तिला रामा आठवला, पाइपाला हात लावून खरंच थंड आहे का ते बघणारा. जो माणूस लिहिलेल्यावर एवढा विश्वास ठेवतो त्याच्यासाठी भिंतीवर खोटं कसं रंगवायचं? तिने लिहिलं: "तीन लाल दिसतील: १८७, १८८, १८९. हे खरे दोष आहेत. दुर्लक्ष करू नका. कोणाला संदेश जात नाही ते लिहा आणि थांबा. तीनपेक्षा कमी किंवा जास्त लाल दिसले तरी थांबा आणि कळवा." मग ती मृणालकडे जाऊन म्हणाली, "मी नाही काढत." आणि जाता जाता दोन बिस्किटं उचलून घेऊन गेली.

शुक्रवारी अकराला अनिमेष सर आले. बारीक, चष्मेवाले, कमी बोलणारे. मोठ्या पडद्यावर सगळं दिसत होतं. एजंटने पहिलं पान वाचलं, पहिली पायरी केली, जे दिसायला हवं ते दिसलं, दुसरी केली. तिसरीला काहीतरी उशीर झाला तेव्हा रुचिताच्या तोंडून "अरे, तिथे" एवढं निघालंच, आणि सम्यकने तिच्या हातात समोसा कोंबला. एजंटने पानातलं वाचलं: दहा सेकंद थांबा, मग पुन्हा बघा. तो थांबला. पुढे गेला. पडद्यावर हिरवे दिवे लागत गेले, पन्नास, शंभर, दीडशे. मग तीन लाल, आणि पुढे शेवटपर्यंत पुन्हा हिरवे. मृणालने डोळे मिटले.

एजंटने लिहिलं: "तीन दोष आढळले. पानानुसार हे खरे आहेत. रेल्वे फाटकापलीकडील तीन थांब्यांवरील पालकांना बस येत असल्याचा संदेश जात नाही. थांबलो आहे."

"हे कधीपासून?" अनिमेष सरांनी विचारलं.

"चार वर्षं," रुचिता म्हणाली.

"किती पालक?"

कोपऱ्यातून उर्वी उठली. "एकसष्ट कुटुंबं, सर. मला त्यांची नावं पाठ आहेत. मी रोज त्यांना सांगते की तुमच्याकडे नेटवर्क नाही." मग ती जरा थांबून म्हणाली, "मला हे सांगायला लावलेलं."

अनिमेष सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "सम्यक, किती वेळ लागेल?"

"फेरी संपली हे शेवटच्या थांब्यावरच ठरवायचं. चाळीस मिनिटं, सर. काही खायला मिळालं तर तीस."

सर गेले नाहीत. खुर्ची ओढून तिथेच बसले. मृणालने सगळ्यांना बिस्किटं वाटली. पस्तीस मिनिटांनी सम्यकने बोटं मोडली आणि एजंटला पुन्हा सोडलं. शंभर हिरवे, दोनशे, तीनशे. एकशे सत्त्याऐंशी केव्हाच मागे पडला होता, पण रुचिताने तो बघितलाच नाही, तिने डोळ्यांवरही हात ठेवला होता. मग सगळं थांबलं. काम पूर्ण झाल्याचा संदेश येईना.

"मेलो," सम्यक म्हणाला.

पडद्यावर सावकाश अक्षरं उमटली. "थांबलो आहे. पानात लिहिलेले तीन लाल दिवे आढळले नाहीत. चारशे बारापैकी चारशे बारा हिरवे आहेत. एकतर दोष दुरुस्त झाला आहे किंवा हे पान चुकीचं आहे. पान लिहिणाऱ्याने कृपया बघावे."

क्षणभर कोणाला काही कळेना. मग आधी उर्वी टाळ्या वाजवायला लागली, मग सम्यकने "ताई!" म्हणून अशी आरोळी ठोकली की लिफ्टमधली माणसं बाहेर आली. चार वर्षांत पहिल्यांदा चाळणी सबंध हिरवी झाली होती, आणि नेहमीचे तीन लाल कुठे गेले म्हणून तो बिचारा एजंट एकटाच काळजीत होता. अनिमेष सर हसले. त्यांना हसताना मृणालनेही पहिल्यांदाच पाहिलं.

"रुचिता, पान बघा आता," ते म्हणाले. "आणि सोमवारपासून बाकीच्या चार टूल्सची पानंही तुम्हीच लिहा. बाहेरचं काही आणायचं नाही."

रुचिताने शेवटचं पान उघडलं आणि तीन लाल दिव्यांच्या त्या ओळी खोडल्या. आयुष्यात इतक्या आनंदाने तिने काही खोडलं नव्हतं. मग जुन्या पानावरची पाचवी पायरीही खोडली, आणि ती खोडताना आपल्याला वाईट वाटेल असं जे तिला वाटलं होतं, ते मुळीच वाटलं नाही.

सोमवारी सकाळी सव्वासातला बाळकुमला फोन वाजला. आनंदाचा.

"काही बोलू नको, फक्त ऐक," तो म्हणाला. "फाटक पडलंय. बस पलीकडे आहे, इंजिन बंद. आठ मिनिटं होऊन गेली. मी आमच्या थांब्यावर उभा आहे."

रुचिता ऐकत राहिली. कोंबडा आरवला, लांब कुठेतरी गाडीची शिटी झाली, एक पोरगं बूट नको म्हणून रडत होतं. आणि मग टिंग. एक. मग दुसरी. मग ओळीने कितीतरी घंट्या, आणि त्यांच्यावरून एका बाईचा खणखणीत आवाज, "अगं वाजला, वाजला! बस फाटकाशी हाय, पोरांना खाऊ दे निवांत!"

रुचिताच्या डोळ्यांना धार लागली होती. कल्याणहून कालच परतलेले मारुतीराव चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आले. "काय झालं गं? कोणाचा फोन?"

तिने फोन त्यांच्या कानाशी धरला.

"ऐका," ती म्हणाली. "मी इथे आहे आणि तिथे चाललंय."